साचा करायचा कशाला?

साचा करत बसायचं नाही असं मी ठरवलं, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

माझ्या सासऱ्यांनी जाण्याआधी एका कयाकचा, म्हणजे एका माणसाच्या निमुळत्या होडीचा, सांगाडा बांधून ठेवला होता. समुद्रानं वाहून आणलेल्या लाकडाचा, अगदी रेखीव. माणूस ज्या भोकातून आत बसतो त्याच्याभोवतीचं कडं तेवढं राहून गेलं होतं. सांगाडा आमच्या शेडमध्ये आला आणि पाठोपाठ सासूबाईंची, म्हणजे बीबियानेबाईंची, अट आली.

"जावईबापू, राष्ट्रीय दिनाला हे कयाक बंदरात तरंगताना दिसलं पाहिजे. नाहीतर मी कुनुकला देऊन टाकीन."

कुनुक माझा साडू. तो सील मारतो, रेनडिअर मारतो आणि फुशारक्या त्याहून जास्त मारतो. मी ग्रीनलंडमधल्या मानित्सोकच्या नगरपालिकेत बसून शिक्के मारतो. सासऱ्यांचं कयाक कुनुकच्या दारात उभं राहिलेलं मला सहन झालं नसतं. (आणि त्याच्याकडून रोज त्याची वर्णनं ऐकणं तर मुळीच नाही.)

एका कड्याची ती काय गोष्ट! मी पहिल्यांदा एकच जाड पट्टी वाफवून वाकवायची ठरवली. वाफेसाठी चुलीवरच्या मोठ्या पातेल्याला धुराड्याचा नळ जोडला. पट्टी मऊ झाली, वाकली, अर्धगोल झाली आणि काडकन मोडली.

"एनोक," बायको आत येऊन म्हणाली, "या पातेल्यात सीलचं सूप होतं ना रे?"

"आहे की अजून. वाफेला काय, सूपही चालतं."

पिपालुक मोजकं बोलते. तिनं पातेलं उचललं आणि त्या रात्री आम्ही पाव खाल्ला.

मग मी प्लॅस्टिकचा पाइप आणला. वाकायला सोपा, कुजायची भीती नाही. सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"माझ्या नवऱ्याच्या कयाकला संडासाचा पाइप लावणार तू?"

पाइप परत गेला. तिसरा उपाय मात्र बिनतोड होता. ओकच्या पातळ पट्ट्या भिजवायच्या, एकावर एक ग्लूनं चिकटवायच्या आणि साच्याभोवती आवळून वाळवायच्या. आता साचा करायचा म्हणजे मापं घ्या, फळ्या कापा, आठवडा घालवा. आणि आमच्याकडे तर कयाक ज्याचं त्याच्या अंगाच्या मापानं बांधायची रीत. लांबी आपल्या हातांच्या वावांनी मोजायची, उंची आपल्या मुठींनी. मग कड्यासाठी वेगळा साचा कशाला? मी होतो ना!

सांगाड्यावर सीलचं कातडं शिवायला सासूबाई आणि त्यांच्या मैत्रिणी दुपारी यायच्या होत्या. भिजवलेलं कातडं थांबत नाही. वाळायला लागलं की संपलं, आणि कड्याशिवाय ते ताणून बसवता येत नाही. शिवणाऱ्या बायकांसाठी पिपालुकनं केक केले होते, कॉफी ठेवली होती. मीसुद्धा सणाचा पांढरा अनोराक, म्हणजे टोपीवाला अंगरखा, आणि काळी विजार घालून तयार होतो. पाहुणे येईपर्यंत ग्लू वाळणार होता, म्हणून मी शेडमध्ये गेलो, पोटाला प्लॅस्टिक गुंडाळलं (मी मूर्ख नाही), कमरेभोवती पट्ट्या घेतल्या आणि दोरीनं करकचून आवळल्या.

ग्लू डब्यावर लिहिल्यापेक्षा लवकर वाळला. बघतो तर प्लॅस्टिक घसरून गुडघ्यांवर आलेलं आणि कडं कपड्यांना चिकटलेलं.

मी शांतपणे घरात गेलो. सहा बायका टेबलाभोवती बसल्या होत्या. दाराच्या दोन्ही बाजूंना मी एकदम आपटलो.

"कडं तयार आहे," मी ऐटीत म्हणालो.

"दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. "काढ."

"तेवढंच राहिलंय."

"अनोराक!" पिपालुक किंचाळली. तो तिनं स्वतः शिवला होता.

"करवतीनं कापू या," एक बाई म्हणाली.

"कड्याला हात लावायचा नाही!" मी ओरडलो. कडं कापलं की कयाक कुनुकचं, हे मला स्वच्छ दिसत होतं. "हवं तर मला कापा!"

"बाहेर काढलेलं कातडं वाळतंय," सासूबाई उठल्या. "जावयाला धरा गं."

मी केककडे हात नेला, त्यावर फटका बसला. "आधी कडं बाहेर, मग केक. फुगलास तर निघायचं नाही."

मग सासूबाईंनी आपली अर्धचंद्री उलू काढली. त्या सुरीनं त्यांनी आयुष्यभर सील सोलले आहेत, मला सोलायला त्यांना फार वेळ लागला नाही. अनोराक गेला, विजार गेली. अंगाला सीलचं तेल चोपडलं गेलं. दोघींनी खांदे धरले, चौघींनी कडं ओढलं. मी डोळे मिटून घेतले. कडं अखंड निघालं! आतून काळ्या विजारीची पट्टी कायमची चिकटली होती, पण निघालं. संध्याकाळपर्यंत कातडं शिवून झालं आणि मी, चादर गुंडाळून, उरलेले सगळे केक खाल्ले.

राष्ट्रीय दिनाला कयाक बंदरावर आलं तेव्हा एक बारीकशी अडचण लक्षात आली. कडं कमरेच्या मापाचं होतं आणि आत जायला लागतात नितंब. मी त्यातून आत जाऊ शकत होतो, नाही असं नाही. फक्त विजार काढून आणि तेल लावून. अख्ख्या गावासमोर हे पिपालुकला पटेना. ती स्वतःच सर्रकन आत बसली. लग्नाआधी ती कयाक क्लबात होती. तिनं कयाकसकट पाण्यात कोलांटी मारली, वर आली, आणि सासूबाईंनी डोळे पुसले. मीही पुसले. कुनुकला काही मिळालं नव्हतं, आणि पाण्यावर ते कयाक फार सुंदर दिसत होतं.

पुढच्या महिन्यात कुनुक दारात उभा राहिला. त्याला आपल्या बायकोसाठी तसंच कयाक बांधायचं होतं.

"पिपालुक," तो माझ्याकडे न बघता माझ्या बायकोला म्हणाला, "दुपारपुरता साचा न्यायला आलोय."

"घेऊन जा की. जुने कपडे घाल त्याला."

शेवटी कुनुकला माझी गरज पडली तर! मी ताठ उभा राहिलो, हात वर केले. कुनुकनं खिशातून आमच्या कड्याच्या मापाची दोरी काढली आणि माझ्या कमरेभोवती फिरवली. टोकं एकमेकांना भेटेनात. त्यानं मला श्वास सोडायला लावला, पुन्हा ओढून पाहिलं आणि दोरी गुंडाळून खिशात टाकली.

"राहू दे, पिपालुक," तो म्हणाला. "साचा बिघडलाय."