प्रश्नपेटीचे मगदूम सर

भूपाल मगदूम हा माणूस चालता चालता लिहितो. डाव्या हाताच्या तळव्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, उजव्या हातात पेन, आणि सर आमच्या देवघेव काउंटरपासून मासिकांच्या कपाटापर्यंत जातात आणि परत येतात. कपाट आलं की वाक्य संपतं. काउंटर आलं की पुढचं सुरू होतं. एका प्राध्यापिकेनं मला एकदा कौतुकानं विचारलं, "मगदूम सरांची वाक्यं किती आखूड असतात हो! मुद्दाम लिहितात का तसं?" मी म्हटलं, "मुद्दाम नाही मॅडम, आमचा हॉल लहान आहे."

मी या विद्यापीठाच्या ग्रंथालयात देवघेवीला बसते त्याला नऊ वर्षं झाली. सर संदर्भ विभागात. कागदोपत्री त्यांना एक टेबल आणि एक खुर्ची आहे. टेबलावर शब्दकोश असतात, खुर्चीवर त्यांची पिशवी. मूळचे पेठ वडगावचे. बोलणं तिकडचंच, मोठ्यानं आणि तोंडावर. "शांतता राखा" या पाटीखाली उभं राहून ते जितकं बोलतात तितकं आख्ख्या वाचनकक्षात कुणी बोलत नाही. पण हातात पेन आलं की हाच माणूस सरकारी परिपत्रकासारखं शुद्ध लिहितो. एकाच अंगात दोन माणसं राहतात आणि त्यांची आपसात ओळख नाही, असं मला वाटायचं.

जिन्याच्या वळणावर एक पत्र्याची पेटी आहे. ती बसवली होती तक्रारींसाठी. पहिले काही महिने त्यात पंखा आणि नळ या दोनच विषयांवर चिठ्ठ्या यायच्या. मग एके दिवशी कुणीतरी लिहिलं, 'दोन नंबरच्या टेबलावर बसलं की झोप का येते?' नाव नव्हतं. आम्ही हसून सोडून दिलं. सरांनी सोडलं नाही.

"ओ मॅडम, हे तपासाय पायजे."

"झोप काय तपासायची सर?"

"त्या टेबलावरच येती म्हणतंय ते. एक नंबरला न्हाय, तीनला न्हाय. काहीतरी असणार की. तुम्ही जेवल्यावर बसा तिथं अर्धा तास. ठाम काय ते सांगा मला."

'ठाम काय ते सांगा' हे त्यांचं पालुपद. पाऊस येईल असं वाटतंय म्हटलं तरी तेच. मी बसले. पुढचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पेटीशेजारच्या फळ्यावर टंकलिखित कागद लागला: 'तपासले. टेबलाचा दोष नाही. खिडकीचा वारा व दुपारचे जेवण यांचा आहे. चार वाजल्यानंतर बसावे. (तपासणाऱ्या कर्मचाऱ्यासही झोप लागली.) भू. म.'

त्या कंसामुळं माझी महिनाभर चेष्टा झाली आणि पेटी मात्र भरून वाहायला लागली.

काय काय विचारायची पोरं! 'मराठीत एम. ए. करून काय होतं?' उत्तर: 'एम. ए. होते. पुढचे उत्तर लांब आहे, समक्ष भेटावे.' 'ग्रंथालयात प्रेम करायला परवानगी आहे का?' उत्तर: 'आहे. बोलायला नाही.' 'तांबडा रस्सा भारी का पांढरा?' या प्रश्नानं त्यांना फार छळलं, कारण सर जैन, दोन्हींना जन्मात कधी शिवलेले नाहीत. दिवसभर ते शिपायापासून कुलसचिवांच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना अडवून विचारत होते. शेवटी लिहिलं, 'अकरा जणांना विचारले. दोघांत भांडण लागले. चौकशी थांबवली आहे.'

एकदा प्रश्न आला, 'राधानगरी धरणाचे दरवाजे आपोआप उघडतात म्हणे. आपोआप म्हणजे कोण उघडतं?' आमच्याकडं त्यावर दोन पुस्तकं आहेत, मी काढून दिली. सरांनी चाळली आणि परत ठेवली. सोमवारी आले ते शिंकतच.

"कुठं भिजलात सर?"

"राधानगरीला गेलतो की काल. यस्टीनं. तिथल्या माणसाला विचारून आलो."

"पुस्तकात होतं ना सर सगळं."

"पुस्तकवाल्यानं तरी बघितलं हाय का न्हाय, कुणाला ठावं?"

अकरा वाजता फळ्यावर उत्तर लागलं: 'पाणीच उघडते. जाऊन खात्री केली.' एवढ्यासाठी रविवार घालवला म्हणून आम्ही हसलो. रविवार घालवायला असा मोकळा कसा सापडतो, हे विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

चिठ्ठी पेटीतून काढली की सर ती आधी स्वतःच्या अक्षरात उतरवून घेत आणि मूळ चिठ्ठीचे बारीक तुकडे करत. "अक्षर म्हंजे माणसाचं तोंडच असतंय," असं त्यांचं म्हणणं. नवे ग्रंथपाल साहेब आले तेव्हा या सवयीची परीक्षा झाली. पेटीत निघालं, 'ग्रंथपाल साहेब दुपारी दोन ते चार कुठे असतात?' सरांनी प्रामाणिकपणे साहेबांनाच जाऊन विचारलं. ठाम उत्तर मागितलं.

साहेब लालबुंद. "कुणी लिहिलंय हे? चिठ्ठी आणा ती."

"फाडली साहेब."

"मग जिन्यावरचा कॅमेरा बघा. आत्ताच्या आत्ता बघा. शोधा कोण आहे तो."

सर त्या केबिनमध्येही येरझाऱ्या घालत होते, मी फाईल घेऊन दारात उभी होते. ते थांबले. "बघूया की. सापडंल बी. पण उद्यापास्नं त्या पेटीत नुसता पंखा आणि नळ येणार. चालंल तुम्हास्नी?"

साहेबांनी सरांकडं पाहिलं, मग खिडकीकडं. कॅमेरा बघितला गेला नाही. फळ्यावर उत्तर लागलं: 'साहेब बैठकीत असतात. बैठक कुठे असते हे बैठकीलाच ठाऊक.' ते साहेबांनीच सुचवलं होतं, असं मला नंतर कळलं.

हे सगळं मजेत चाललं होतं. मग गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी सर पेटी उघडायला गेले आणि परत आले ते हळूहळू. सर हळू चालतात हेच मुळात मी पहिल्यांदा पाहत होते. त्यांनी चिठ्ठी माझ्यासमोर काउंटरवर ठेवली. वहीचं पान नीट घडी घालून फाडलेलं, अक्षर लहान आणि सरळ. 'माणूस कुणाशीही एक शब्द न बोलता किती दिवस राहू शकतो? उगीच एक प्रश्न.'

"परीक्षेला असेल सर. मानसशास्त्रवाल्यांचं."

"परीक्षेचं पोर 'उगीच' लिहीत न्हाय, मॅडम."

त्या दिवशी उत्तर लागलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बुधवारी मुलं फळ्याशी थबकायची, आधीचंच जुनं उत्तर वाचून वर जायची. एकदोघांनी मला विचारलं, "सर आजारी हायत काय?" सर आजारी नव्हते. सर वाचनकक्षात फिरत होते. रांगेतून रांगेत, टेबलामागून टेबलामागं. एरवी ते पुस्तकं कुठं पडलीत ते बघत, आता ते तोंडं बघत होते. कोपऱ्यात एकटं बसलेलं कोण, डबा एकटं खाणारं कोण, कानात वायर घालून काहीच न ऐकणारं कोण. कुणी वर पाहिलं की लगेच विचारायचे, "लाइट पुरतोय न्हवं?" दोन दिवसांत त्यांनी निम्म्या ग्रंथालयाला लाइट पुरतोय का ते विचारलं.

गुरुवारी दुपारी मी जेवून आले तर सर माझ्या काउंटरमागं. पुढ्यात हजेरीची नोंदवही उघडी, जिच्यात आत येणारा प्रत्येकजण नाव लिहून सही करतो. आणि वहीशेजारी ती चिठ्ठी. फाडलेली नव्हती. तीन दिवस शर्टाच्या खिशात ठेवून मऊ झाली होती. बोट एका नावावर, डोळे चिठ्ठीवर, परत बोट खाली.

मला पाहून ते दचकले. त्यांनी वही मिटली.

"सापडलं का सर?"

"सापडलं असतं अजून दहा पानांत," ते म्हणाले. "आणि मग काय करणार होतो मी? जाऊन उभा ऱ्हाणार होतो त्याच्यापुढं? 'तूच न्हवं का ते?' म्हणून?" त्यांनी चिठ्ठीचे तुकडे केले, नेहमीपेक्षा बारीक. मग पुठ्ठा न घेताच बाहेर पडले आणि दीड तास आले नाहीत.

शुक्रवारी अकराला फळ्यावर कागद लागला. जिन्यात गर्दी होती म्हणून मी काउंटर सोडून गेले. कुणी हसत नव्हतं.

'उत्तर: पुस्तकांतली उत्तरे निरनिराळी आहेत, म्हणून स्वतःचे देतो. शनिवारी सायंकाळी सहा ते सोमवारी सकाळी दहा. गेली सहा वर्षे, जवळपास दर आठवड्याला. राहता येते. सवय मात्र लावून घेऊ नये. मुख्य इमारतीत दुसऱ्या मजल्यावर समुपदेशन कक्ष आहे. तिथल्या बाई ऐकून घेतात. जाऊन खात्री केली. शिवाय या रविवारी सकाळी आठ वाजता मी कळंबा तलावाच्या बांधावर चालत असेन. मागून चालले तरी चालेल. बोलायची अट नाही. भू. म.'

सहा वर्षांपूर्वी सरांच्या पत्नी गेल्या. आम्ही सगळे गेलो होतो भेटायला, चहा घेऊन आलो होतो. मुलगी बंगळूरला असते. एवढं मला माहीत होतं. पण सहा ते दहा हा हिशेब मी कधी मांडला नव्हता. उलट दर शनिवारी निघताना मीच म्हणायचे, "चला सर, मजा करा, सुट्टी!" आणि ते म्हणायचे, "व्हय व्हय, लई कामं पडल्यात घरात." समुपदेशनाच्या बाई मला नंतर म्हणाल्या, "ते खात्री करायला आले होते खरे. पण तास झाला तरी त्यांची खात्री होईना."

मी कळंब्यालाच राहते. रविवारी सकाळी दुधाची पिशवी हातात घेऊन मी बांधाकडं गेले, म्हणजे विचारलं तर सांगायला काहीतरी असावं. सर आधीच तिथं. कानटोपी, हातात काही नाही. मला बघून भडकलेच.

"तुम्ही कशाला आलाय?"

"दूध आणायला, सर."

"तलावातनं? जावा बघू. तुम्हास्नी बघून बिचकंल की ते लेकरू."

मी लांब चहाच्या गाड्यापाशी जाऊन उभी राहिले. बांधावर नेहमीचे फिरणारे होतेच, कुणी पळत, कुणी हात झाडत. सर चालत होते, तेही सावकाश. आठ वाजून गेले, सव्वाआठ झाले. एक फेरी संपवून ते वळले तेव्हा मागं वीसेक पावलांवर कुणीतरी होतं. पाठीला दप्तर, मान खाली.

ती व्यक्ती कोण, मुलगा की मुलगी, हे मी लिहिणार नाही. सरांनी वळताना पाहिलं असणार. पण तिच्या अंगावरून ते असे गेले जसं तिथं कुणी नाहीच, आणि मग पुढं एकदाही मागं बघितलं नाही. हा माणूस, जो एक पान उलटल्याचा आवाज आला तरी तीनदा मान वळवतो. नुसती चाल आणखी मंद केली, मागच्याला घाई नको म्हणून. दुसऱ्या फेरीत वीस पावलांची दहा झाली. तिसऱ्या फेरीला ती दोघं शेजारी होती आणि हात हलत होते. हात सरांचे नव्हते.

पुढच्या रविवारीही ती व्यक्ती आली, त्याच्या पुढच्याही. मधल्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरही जाऊन आली. अजून ग्रंथालयात येते. परवा पुस्तक जागेवर नाही म्हणून माझ्याशी चांगली कडाक्याची भांडली, आणि भांडणभर मला इतकं बरं वाटत होतं की शेवटी तीच गोंधळली.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या रविवारचं. दप्तरवाली व्यक्ती निघून गेली, तेव्हा सर बांधाच्या टोकाला एकटेच उभे होते. साडेनऊ वाजले होते. मी जाऊन म्हटलं, "घरी चला सर. जेवूनच जा."

"न्हाय न्हाय, लई कामं पडल्यात घरात," ते म्हणाले. मग त्यांना फळ्यावरचा कागद आठवला असावा. "आमच्यात कांदा-लसूण चालत न्हाय."

"दही-भाकरी चालते ना?"

सासूबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी ना प्रश्नपेटी पाहिली होती, ना फळा वाचला होता. ताटात भाकरी, दही, तूप वाढलं, समोर पाट ओढून बसल्या आणि ज्यांना रोज डझनभर चिठ्ठ्या येतात त्या माणसाला सरळ तोंडावर विचारलं, "घरात कोण कोण असतंय, पावणं?"

सरांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता काहीतरी ठोकून देतील.

"मीच असतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "मालती होती."

सासूबाईंनी आणखी एक भाकरी मोडून त्यांच्या ताटात ठेवली, तूप घातलं.

"कशी होती ते सांगा," त्या म्हणाल्या. "मला कुठं जायाचं न्हाय."