शून्य सेकंदांचा पराक्रम

"माझा कंपायलर बाजारात आला की बाकीच्यांनी खुशाल दुकानं बंद करावीत!" पंडित कँटीनमध्ये छातीठोकपणे सांगायचा. पंडित हे ऑफिसनं ठेवलेलं नाव. त्यात आदर थोडा आणि वैताग फार. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल असा करून देणारा दुभाषा. पंडितच्या दुभाष्याला तीन भाषा येत होत्या, चार जातींच्या यंत्रांशी तो बोलायचा, वर ज्या कामाचा कुणाला उपयोग नाही ते गाळून प्रोग्राम पळवायचा.

आज हवामान खात्याच्या बाई तो बघायला येणार होत्या.

"हे काम हातचं गेलं तर आपल्या विभागाला टाळं लागेल हं, पंडित!" साहेबांनी बजावलं होतं.

म्हणून सकाळी पंडितनं बाईंना दाखवायच्या प्रोग्रामवर एक शेवटचा हात फिरवला. उद्याच्या हवामानाचं गणित संपलं की प्रोग्राम उत्तर पडद्यावर दाखवायचा. त्यात उगाच वेळ जातो म्हणून पंडितनं उत्तर दाखवणारी ती ओळच काढून टाकली.

बाई आल्या. "आमच्याकडे या गणिताला तास लागतो."

पंडितनं कळ दाबली. शून्य सेकंद! भाषा बदलली, शून्य! यंत्र बदललं, तरी शून्य! साहेबांनी टाळ्याच पिटल्या. पंडितला कुठला धीर निघतोय? त्यानं तिथूनच बायकोला फोन लावला. "अगं, तासाचं काम शून्य सेकंदात!"

"छान," बाई म्हणाल्या. "मग उद्या पाऊस आहे का?"

"अं?"

"छत्री आणू की नको?"

पंडितच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उत्तर कुणीच बघणार नाही म्हटल्यावर कंपायलरनं अख्खं गणितच बिनकामाचं ठरवून गाळलं होतं! तिन्ही भाषांत, चारही यंत्रांवर!

त्यानं ते अडखळत सांगितलं. साहेब छताकडे बघत राहिले. धरणीनं पोटात घ्यावं, असं पंडितला झालं.

"पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवा," बाई हसू दाबत म्हणाल्या. "उत्तरासकट."

घरी दार उघडलं तर बायकोच्या कृपेनं अख्खी सासुरवाडी हजर! सासूबाईंना कौतुक मावेना.

"जावईबापू, तासाचं काम म्हणे शून्य सेकंदात! अहो, एवढ्यात केलंत तरी काय?"

पंडितची मान वर होईना. शरमेनं कान नुसते तापले होते.

"काहीच नाही, आई."

सासूबाई लेकीकडे वळल्या. "बघ! एवढं करून माणसाला गर्व म्हणून नाही!"