प्रयोगशाळेतला शॉवर

“माझ्या नजरेतून काही सुटत नाही,” असं हिंदुराव बराटे स्वतःच सांगत. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाचे ते सुरक्षा अधिकारी. चोरांपासूनची सुरक्षा त्यांच्याकडे नव्हती. आग, गॅस, ॲसिड, उघड्या वायरी ही त्यांची दुनिया. कुणी चहाची किटली प्लगला लावली, तरी त्यांना त्यात कट दिसायचा.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यात एक आपत्कालीन शॉवर होता. कुणाच्या अंगावर ॲसिड सांडलं तर दांडा ओढायचा आणि खाली उभं राहायचं. कित्येक महिन्यांत तिथे ॲसिडचा थेंब सांडला नव्हता, तरी शॉवरखालची फरशी रोज सकाळी ओली. वर चंदनी साबणाचा मंद वास.

“इथे कोणीतरी आंघोळ करतंय,” हिंदुराव म्हणाले.

पहिला संशय झाडू मारणाऱ्या जयाबाईंवर. “मी घरून आंघोळ करून येते साहेब,” त्या झाडू न थांबवता म्हणाल्या. “तुमचं तुम्ही बघा.”

दुसरा संशय तालिबवर. हा संशोधक विद्यार्थी हॉस्टेलवर राहायचा आणि सकाळी त्याचे केस नेहमी ओले दिसायचे. हिंदुरावांनी लिफ्टमध्ये त्याच्या डोक्याचा हळूच वास घेतला.

“सर, जेल आहे,” तालिब शांतपणे म्हणाला. “ब्रँड सांगू का?”

मग मात्र हिंदुरावांनी ठरवलं, चोर रंगेहाथ पकडायचा. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते प्रयोगशाळेत शिरले आणि खुंटीवर लटकणाऱ्या पांढऱ्या एप्रनांच्या मागे स्वतःही एप्रनासारखे लटकून उभे राहिले. आपली सहायक तेजस्विनी हिलाही त्यांनी काही सांगितलं नाही. तिच्यावरही थोडा संशय होताच.

थोड्या वेळाने पावलं वाजली. दार करकरलं. हिंदुराव वाघासारखे बाहेर झेपावले आणि फरशीवर पडलेल्या साबणाच्या झिजलेल्या वडीवर त्यांचा बूट पडला. पुढचं क्षणात झालं. पाय एकीकडे, बराटे दुसरीकडे, आणि आधाराला हाती आला तो नेमका शॉवरचा दांडा. वरून पाणी धबाधबा कोसळलं. कसेबसे उठून उभे राहतात, तोवर साबणाची ती वडी त्यांच्या मुठीत आलेली होती.

दारात तेजस्विनी.

“सर, तुम्ही?” ती म्हणाली. “मला वाटलंच होतं. रोज सकाळी तुम्हीच इथे घुटमळता. म्हणून आज लवकर आले.”

आपल्यावरच संशय? हिंदुरावांचं डोकं थंड पाण्यातही तापलं. खरं सांगावं तर एप्रनांत लपल्याचं सांगावं लागणार. तोंडातून भलतंच निघालं, “ॲसिड सांडलंय अंगावर.”

तेजस्विनीचा चेहरा बदलला. “कुठलं?”

“ते, त्या बाटलीतलं.”

“ते डिस्टिल्ड वॉटर आहे सर.”

“त्याच्या शेजारची.”

“ती रिकामी आहे.”

“आता रिकामीच असणार ना.”

झालं. हिंदुरावांनीच तिला शिकवलेलं सगळं तिने अक्षरशः पाळलं. ॲम्ब्युलन्सला फोन केला. त्यांना शॉवरखालून हलू दिलं नाही. “पूर्ण पंधरा मिनिटं, सर. आणि शर्ट काढा. ॲसिड कपड्यात राहतं.”

“शर्टावर नाय सांडलं,” हिंदुराव कुडकुडत म्हणाले. घाबरले की त्यांच्या तोंडात वारजे गावची भाषा यायची.

“मग कशावर?”

त्यावर त्यांनी निमूटपणे शर्ट काढला.

बनियनवर, हात छातीशी घेऊन ते उभे असताना दार पुन्हा उघडलं. आत आले विभागप्रमुख डॉ. विश्वजीत ताम्हनकर. खांद्यावर टॉवेल, हातात साबणदाणी, पायात स्लिपर. चंदनाचा वास त्यांच्याआधी पोहोचला.



हाच तो. इतके दिवस शोधलेला माणूस समोर, मुद्देमालासकट. पण बोलायचं कुठल्या तोंडाने?

“सरांच्या अंगावर ॲसिड सांडलंय,” तेजस्विनी म्हणाली.

“असं?” ताम्हनकरांनी हिंदुरावांच्या मुठीतल्या साबणाकडे पाहिलं. “ॲसिडच्या कपाटाची किल्ली तर माझ्या खिशात आहे.”

तेजस्विनीने आधी हिंदुरावांकडे, मग ताम्हनकरांच्या टॉवेलकडे पाहिलं. तिने पुन्हा फोन काढला. “ॲम्ब्युलन्स नको म्हणून सांगते,” ती म्हणाली आणि बाहेर गेली. जाताना तिचे खांदे हलत होते.

ताम्हनकर जवळ आले. आवाज खाली आणून, अगदी आपुलकीने विचारलं, “आमच्याकडे कर्वेनगरला टँकर येतो तो दुपारी. तुमच्याकडेही पाणी नाही का?”

हिंदुरावांनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांनाही कळलं नाही.

“चालायचंच. पण उद्यापासून जरा लवकर आटपत जा बराटे. माझं आठचं लेक्चर असतं.”

आणि ज्यांच्या नजरेतून काही सुटत नसे, ते हिंदुराव बराटे शॉवरखालून म्हणाले, “बरं सर.”