हरीकाकांचा डबा आणि माझे बावीस क्रेट चिकू

आमचे शेजारी हरीकाका राऊत मासळी घेताना पावती मागतात. पैशांची नव्हे, ताजेपणाची. वरोरहून येणाऱ्या मासळीवाल्या मावशींना एकदा त्यांनी विचारलं, "बोंबील आजचे आहेत?"

"आजचेच, काका."

"लेखी द्या."

मावशी हसून म्हणाल्या, "काका, कागद तुम्ही आणा, अंगठा मी देते." त्यांना वाटलं विषय संपला. काका घरात गेले आणि कागद, शाईचं पॅड, हात पुसायला फडका असं सगळं घेऊन बाहेर आले. मावशींनी अंगठा दिला. बोंबील खरंच ताजे निघाले, तरी तो कागद काकांच्या फायलीत आजही आहे.

काकांची सगळी नोकरी तलासरीला, एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून झाली. दुसऱ्यांचे कागद तपासण्यात तीस-एक वर्षं गेल्यावर माणसाचा तोंडच्या शब्दावर विश्वास राहत नसावा. त्यांच्या भाच्याने लग्न ठरल्याचा फोन केला तेव्हाही काकांनी पहिलं वाक्य तेच टाकलं. "मुलगी हो म्हणाली? लेखी दिलंय?"

मी त्यांच्या अगदी उलट. आमची डहाणूतली चिकूची वाडी आणि त्यांचं घर यांच्यामध्ये फक्त एक कुंपण आहे, आणि त्या कुंपणाअलीकडे मी पन्नास वर्षं जवळजवळ गप्प राहून काढली. ही गप्प राहण्याची सवय मला किती महागात पडली तेच इथे सांगतोय. म्हणजे मला नाही पडली. दुसऱ्यांना पडली. तीच तर टोचणी आहे.

तर, या हरीकाकांनी कॅराव्हॅन घेतली!

जीपच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं पांढरंशुभ्र घर. आत पलंग, ओटा, इवलासा फ्रिज, आणि एका दारामागे चक्क कमोडचा संडास. हद्दीपलीकडच्या गुजरातमधल्या डीलरकडून काका ती स्वतः ओढत घेऊन आले तेव्हा अर्धी आळी रस्त्यावर होती. बायका आत जाऊन नळ सोडून बघत होत्या. कुणीतरी विचारलं, "काका, जाणार कुठे?"

"भारतभ्रमण!" काका जीपच्या पायरीवरून गरजले. "काश्मीर! कन्याकुमारी! रामेश्वर!"

पण भारतभ्रमणाला निघालेलं ते वाहन काकांच्या फाटकातून आत जाईना. फाटक दीड हात कमी पडत होतं. कंपनीच्या माहितीपत्रकाच्या सत्तावीस पानांवर रेघा मारणाऱ्या माणसाने स्वतःचं फाटक मोजलं नव्हतं. आळीने पहिल्याच दिवशी कॅराव्हॅनचं नाव डबा करून टाकलं होतं. शेवटी तो डबा माझ्या वाडीतल्या शेडमध्ये उभा राहिला. काकांनी चावी माझ्या हातात ठेवली.

"मन्या, चावी तुझ्याकडे. आत पाऊल टाकायचं नाही."

आणि मी पाऊल टाकलं.

झालं असं. जानेवारीत काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना दहा दिवस घरात बसवलं. त्याच आठवड्यात वाणगावला माझ्या पुतणीचं लग्न, आणि पंगतीला पिकलेले चिकू द्यायचे मी कबूल केलेले. आता थंडीत चिकू लवकर पिकत नाहीत. त्यांना बंद आणि उबदार खोली लागते, आणि माझ्या पिकवायच्या खोलीचे पत्रे नेमके उतरवलेले होते. मी चिंतेत शेडमध्ये उभा आणि समोर तो डबा. घट्ट दारं, घट्ट खिडक्या, कुठे फट म्हणून नाही!

बावीस क्रेट आत लावले. वर ओली गोणपाटं टाकली, मध्ये वाफाळत्या पाण्याची दोन पातेली ठेवली आणि दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी उघडलं तर असा घमघमाट, की मी उभ्या उभ्या चार चिकू खाल्ले. सगळ्या डहाणूत तशी पिकवायची खोली नसेल. पंगतीत लोकांनी मागून मागून खाल्ले.

मी डबा पुसून काढला, फरशीवरचा चीक खरवडला. आठ दिवसांनी काका काळा चष्मा लावून आले, दार उघडलं आणि ओरडले. आतल्या प्लायच्या भिंती पुऱ्यांसारख्या फुगल्या होत्या.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण माझ्या आधी काका बोलले, "मन्या, कंपनीने फसवलं! पण वॉरंटी आहे आपल्याकडे. लेखी!"

तो आनंद काय सांगू! जन्मभर ज्या लढाईची तयारी केली ती एकदाची सुरू झाल्यासारखे काका तरुण दिसायला लागले. वॉरंटीचं कार्ड त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून देवघराशेजारी टांगलं. पहिलं पत्र नऊ पानांचं गेलं. कंपनीचं उत्तर आलं की हा उत्पादनातला दोष नसून ओलाव्याने झालेलं नुकसान आहे. काकांनी उलट टपाली लिहिलं, "मी समुद्रकिनारी राहतो हे आपणांस पत्त्यावरून ठाऊक होते. समुद्र मी नंतर आणलेला नाही."

मग कंपनीचा इंजिनिअर आला. वलसाडकडचा भला माणूस. त्याने भिंतींना यंत्र लावलं, आकडे घेतले, मग नाक वर करून हुंगायला लागला. "काका, आमां तो चीकूनी वास आवे छे."

मी हळूच खिडकी उघडली.

"हे डहाणू आहे, भाईसाहेब!" काका कडाडले. "इथे सगळ्याला चिकूचा वास येतो. तुम्ही दोन तास थांबा, तुम्हालाही येईल. आत चिकू होते असं म्हणणं आहे तुमचं? लेखी द्या!"

त्याने बिचाऱ्याने लिहून दिलं, आणि काकांनी ते खोडून काढायला साक्षीदार दिला. मला. "हा मनोहर. चावी याच्याकडे असते. मन्या, सांग यांना, आत काही ठेवलं होतं?"

मी 'नाही' अशी मान हलवली. नुसती हलवली, बोललो नाही. खोटं बोललो नाही अशी स्वतःची समजूत पुढे कितीतरी दिवस घालत होतो.

अकरा महिने चाललं हे. पत्रं, स्मरणपत्रं, स्मरणपत्राचं स्मरणपत्र. टपाल कचेरीतली बाई काकांना लांबून बघूनच रजिस्टरचा फॉर्म काढून ठेवायची. कंपनीच्या एका पत्रात मात्र एक ओळ होती: दाव्याचा निकाल लागेपर्यंत वाहन वापरू नये, अन्यथा दावा रद्द समजला जाईल. त्यामुळे डबा माझ्या शेडमधून तसूभर हलला नाही. मला वाटायचं, जाऊ दे, काश्मीर काही पळून जात नाही.

मग एका सकाळी सुमनकाकू, काकांच्या पत्नी, ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी कुंपणापलीकडे नारळ द्यायला गेलो तर म्हणाल्या, "मन्या, तो डबा कधी हलेल रे?"

"निकाल लागला की हललाच. मग काय काकू, काश्मीर!"

"कसलं काश्मीर!" काकू हसल्या. "झाईला जायचंय मला."

मला कळेना. झाई इथून तासाभराच्या आत येतं. बसने जाता येतं. काकूंचं माहेर आहे तिथे, समुद्राला लागून.

"खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला खाली बसवत नाही, माहीत आहे ना?" त्यांनी सुपातून नजर वर केली नाही. "भावाकडे संडास जुना, परसातला. ती खुर्ची मिळते भांड्याची, ती नेली होती एकदा. पण ते भांडं भावजयीने उचलायचं. मला नाही रे सहन झालं. दुसऱ्याच दिवशी परत आले. चार वर्षं झाली. आई नव्वदीची आहे, रोज फोनवर विचारते, राहायला कधी येतेस. हे ऐकायचे सगळं. मग एक दिवस म्हणाले, तुला कुणाला काही सांगावंच लागणार नाही अशी सोय करतो. आणि हे धूड घेऊन आले. लोकांना खरं कारण कसं सांगणार? म्हणून काश्मीर."

मी नारळ तिथेच ठेवले आणि घरी आलो. एका चांगल्या घरची लेक आणखी अकरा महिने आईकडे राहायला जाऊ शकली नव्हती, कारण मी पंगतीत चिकू वाढले होते.

तोंडाने सांगणं मला जमलं नसतं. मी वहीचं पान फाडलं आणि सगळं लिहिलं. ऑपरेशन, लग्न, क्रेट, पातेली, हलवलेली मान. खाली सही केली आणि काकांसमोर नेऊन ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"किती क्रेट?"

"बावीस."

"तीन दिवसांत पिकले?"

"तीन दिवसांत."

"जानेवारीत?"

"जानेवारीत, काका."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "मी त्या इंजिनिअरला खोटारडा म्हटलंय. तेही लेखी." आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दावा मागे घेतला आणि इंजिनिअरच्या नावाने वेगळं माफीपत्र टाकलं. माझ्याशी मात्र एक शब्द बोलले नाहीत. मी वाणगावहून सुतार आणला, फुगलेल्या भिंती काढून नव्या बसवल्या. काका रोज शेडमध्ये यायचे, भिंतीवर हात फिरवायचे, सुताराशी बोलायचे आणि जायचे.

निघायच्या दिवशी आळी पुन्हा रस्त्यावर! जीपच्या मागे डबा, डब्यावर झेंडूचा हार, पुढच्या सीटवर नव्या लुगड्यातल्या काकू. कुणीतरी ओरडलं, "काका, काश्मीरला थंडी फार असते हं!" काकांनी हॉर्न दाबला आणि घोलवडच्या रस्त्याने, सायकलवालेही पुढे जातील अशा वेगाने, ती वरात झाईकडे गेली.

डबा काकूंसकट तिथेच राहिला. काका तिसऱ्या दिवशी बसने परत आले, झाडांना पाणी कोण घालणार म्हणून. दुपारी आम्ही पानं घेतली होती, तेवढ्यात दारात ते उभे.

"मन्या, भात आहे का रे?"

बायकोने पान वाढलं. काका बसले, पहिला घास घेतला आणि फोन लावला. "पाणी येतंय ना फ्लशला? टाकी भरलीस? दाराची कडी लागते ना नीट?" पलीकडून काकूंचं काहीतरी उत्तर आलं. "बरं," काका म्हणाले. आता ठेवतील असं वाटलं, पण त्यांनी फोन तसाच चालू ठेवून, स्पीकर लावून ताटाशेजारी उभा केला. झाईला काकू आईशी बोलत होत्या. भांडी वाजत होती, म्हातारीचं चिरकं हसू ऐकू येत होतं. फोन चालू आहे हे काकूंच्या लक्षातही नसावं.

काका भात कालवत ऐकत राहिले. मध्येच माझी बायको भाजी वाढायला वाकली आणि काही विचारणार, तोच त्यांनी डावा हात वर करून तिला गप्प राहायची खूण केली.