'वेशीवर'चा कडकडीत बंद

वाचकांची नाडी मला कळते, हे मी नम्रपणे सांगतो. उद्धटपणे सांगायचं तर कोल्हापुरात ती एकट्या मलाच कळते! एकतीस वर्षं इथल्या एका दैनिकात मी दर रविवारी लोकांची टर उडवली आणि त्याच लोकांनी सोमवारी मला चहा पाजला. एवढं केलेल्या माणसाला एक वेबसाइट सांभाळणं म्हणजे काय? सशाला पाला घालण्याइतकं सोपं!

वेबसाइटचं नाव 'वेशीवर'. मालक माझ्या मित्राचा मुलगा ऋतुराज. तिथं बातम्या पत्रकार लिहीत नाहीत, जिल्ह्यातले लोकच लिहितात. वाचणाऱ्यांसाठी खाली दोन बटणं. आवडलं तर 'नाद खुळा' दाबायचं, नाही आवडलं तर 'बंडल'. नाद खुळा जास्त असलेली बातमी पहिल्या पानावर वर चढते, बंडलवाली तळाला जाऊन बसते. या सगळ्यावर लक्ष ठेवायला एक कारभारी लागतो. बिनपगारी.

"काका, तुमच्यासारखा माणूस मिळायचा नाही," ऋतुराज म्हणाला. बिनपगारी मिळायचा नाही, हे त्यानं गिळलं.

पण खरं सांगतो, मी हुरळलो. रविवारचं सदर बंद झाल्यापासून तीन वर्षांत मला कुणी साधी शिवीसुद्धा दिली नव्हती. लिहिणाऱ्या माणसाला याहून वाईट दिवस नाहीत! ही खुर्ची मिळाली होती आणि आता ती काही झालं तरी सोडायची नव्हती.

पहिला महिना मी नुसतं निरीक्षण केलं. म्हणजे काहीच केलं नाही. मग एका सकाळी पहिलं पान नीट वाचलं आणि हातातला चहा निवला.

एक नंबरची बातमी: 'आमच्या म्हशीला रेडी झाली.' नाद खुळा, एक हजार चारशे बारा! दोन नंबर: 'शिंगं रंगवायची हायत, रंग सुचवा.' तीन नंबर: 'म्हस आडवी आली म्हणून कामावर उशीर, साहेबानं फोटो बघूनपण ऐकलं न्हाय.' हा पठ्ठ्या कागलच्या एमआयडीसीतला. आणि शहराच्या पाणीपुरवठ्याची बातमी? सत्तावन्नाव्या नंबरावर, दोन नाद खुळा. त्यातला एक ज्यानं लिहिली त्याचा, दुसरा बहुतेक त्याच्या बायकोचा.

म्हटलं, गणपतराव, इथं तुमची गरज आहे!

मी 'पशुधन' नावाचा वेगळा विभाग काढला, त्रेसष्ट म्हशी एकामागून एक हाकून त्यात नेऊन बांधल्या आणि पहिल्या पानावर सूचना लावली, 'वेशीवर म्हणजे गोठा नव्हे. – कारभारी.' वाक्य मला इतकं आवडलं की मी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"कुणाला म्हणालात?" ती भाजी चिरता चिरता म्हणाली.

आठ मिनिटं शांतता होती. नवव्या मिनिटाला ऋतुराजचा फोन.

"काका, काय केलंत?"

"सुधारणा!"

"चारशे लोकांनी तुमच्या सूचनेला बंडल दाबलंय!"

"वाचली तरी ना चारशेंनी?"

"काका, ही माणसं निघून गेली तर साइटवर तुम्ही आणि मी दोघंच उरू. आणि मला कामं असतात!"

तेवढ्यात हंबीररावांची घोषणा आली. हंबीरराव एका तालमीचे अध्यक्ष. साइटवर त्यांनी 'शांतताप्रिय' हे टोपणनाव घेतलेलं, आणि त्यांनी आजवर घातलेली भांडणं मोजायला दुसरी साइट काढावी लागेल. त्यांनी लिहिलं होतं, 'म्हस ही आमची अस्मिता हाय. कारभाऱ्याला हटवा! उद्या वेशीवर कडकडीत बंद. कुणीबी साइट उघडायची न्हाय!'

दोन हजार नाद खुळा.

आता बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडं बंद पुकारला की दुकानं बंद होतात आणि माणसं बंद बघायला बाहेर पडतात. गाडीवर डबलसीट बसून सगळ्या पेठांतून चक्कर मारायची, कुठं शटर अर्धं उघडं आहे का ते वाकून बघायचं, दिसलंच तर चार गल्ल्यांत सांगून यायचं. त्याशिवाय बंद पाळल्याचं समाधान मिळत नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी साइट उघडली. एरवी त्या वेळी चाळीस माणसं असतात. त्या दिवशी नऊशे होती! साइट कुणी उघडलीय का, हे बघायला सगळे साइट उघडून बसले होते.

'शिवाजी पेठ शंभर टक्के बंद!' खाली बंद मोबाईलचा फोटो. तो दुसऱ्या मोबाईलनं काढून साइटवर टाकलेला. 'कागल एमआयडीसी, पहिली पाळी, बंदला उदंड प्रतिसाद.' 'शाहूवाडीत रेंजच न्हाय, बंद आपोआप यशस्वी.' जयसिंगपूरच्या संगमेश नावाच्या गृहस्थानं लिहिलं, 'आमच्याकडून सकाळपासून एकही माणूस साइटवर आलेला नाही.' त्याखाली जयसिंगपूरच्याच दोनशे चौदा जणांनी लिहिलं होतं, 'मीपण न्हाय आलो!'

शांतताप्रिय दर पंधरा मिनिटांनी आढावा देत होते. 'आठ वाजले, बंद शांततेत.' 'सव्वाआठ, बंद शांततेत, फकस्त पाचगावकर आगाऊपणा करायलेत.' साडेआठला पाचगावकरांनी उत्तर दिलं आणि त्यानंतर काही शांततेत राहिलं नाही.

दहा वाजता ऋतुराज लॅपटॉप घेऊन घरी आला. घामाघूम!

"काका, पाच हजार लोक आहेत! दिवाळीतसुद्धा एवढे नव्हते!"

"नाडी," मी म्हणालो. "शेवटी नाडी कळावी लागते."

साडेअकराला सर्व्हरनं मान टाकली. पडद्यावर पांढरं पान, त्यावर एक गोल फिरतोय. साइट बंद! कुणीही उघडू शकत नव्हतं. म्हणजे हंबीररावांचा बंद अखेर खरोखर यशस्वी झाला होता.

बारा वाजता माझ्या दारात वीस मोटारसायकली उभ्या राहिल्या.

"गणपतराव, भाईर या!"

मी बाहेर गेलो. पुढं हंबीरराव, रस्त्याचा रोलर उभा केल्यासारखे.

"साइट कशापायी बंद केलासा?"

"मी नाही केली! आणि तुम्हाला बंदच पाहिजे होती ना?"

"आमचा बंद चालू हुता! तुमी मधीच बंद करून आमचा बंद मोडलासा!"

"हंबीरराव, बंद असताना बंद मोडला कसा?"

"आमी पाळायचा का न्हाय? आन् पाळतोय ते लोकास्नी कळणार कुठं? ते काय न्हाय, साइट चालू करा. बंद संध्याकाळपतूर हाय!"

मागून वीस आवाज आले, "चालू करा! बंद चालू करा!"

मी एकतीस वर्षं विनोद लिहिला, पण असं वाक्य मला कधी सुचलं नव्हतं.

"आत तरी या," बायको म्हणाली. "उन्हात उभं राहून काय भांडताय?"

वीस जण हॉलमध्ये आले. ऋतुराज कोपऱ्यात लॅपटॉपशी झुंजत होता आणि त्याच्या डोक्यावर वाकून सात जण त्याला सूचना देत होते. सगळ्यांच्या मागून एक बाई आल्या, हातात कापडी पिशवी. शेजारी जयसिंगपूरचा तो संगमेश.

"ही माझी आत्या, रुद्राणी," तो म्हणाला. "हिची बातमी तुम्ही काल पशुधनात टाकली."

"काय वो साहेब," आत्या म्हणाल्या, "माझी म्हस दोन दिवस वैरणीला तोंड लावंना झालती. डॉक्टर गावाला गेलेला. म्हणून इच्यारलं, काय करू. तुमी ते कुठल्या कोपऱ्यात टाकलासा, कुत्रंबी बघंना तिकडं!"

कालपासून मी ज्याला गोठा म्हणत होतो, तिथं माणसं एकमेकांना मदत मागत होती. एकतीस वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं, विचारलंच तर रद्दी कुणाला घालता एवढंच.

"मग आता म्हैस?" मी हळूच विचारलं.

"बरी हाय की! आज बंदमुळं समदी साइटवर हुती न्हवं? सकाळच्याला परत इच्यारलं, तर दोनशे जणांनी औषध सांगितलं."

"त्यातलं कुठलं दिलंत?"

"कुठलंच न्हाय. मी वाचून संपवूस्तवर तिची ती बरी झाली."

तेवढ्यात ऋतुराज ओरडला, "चालू झाली!" आणि वीस खिशांतून वीस मोबाईल निघाले. पुढची पाच मिनिटं हॉलमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही. समोरासमोर बसून साइटवर भांडत होते!

मी त्रेसष्ट म्हशी सोडून पहिल्या पानावर आणल्या, सूचना काढली आणि हात जोडले. "चुकलं माझं."

"ते झालं," हंबीरराव म्हणाले. "पर मागणी तुमाला हटवायची हुती. अध्यक्ष म्हणून मला एकट्याला ठरवता यायचं न्हाय. लोकास्नी इच्यारू."

त्यांनी तिथंच बसून टाकलं, 'गणपतराव कारभारी ऱ्हावंत का? ऱ्हावंत तर नाद खुळा, न्हायतर बंडल. मुदत सहा वाजेपतूर.' मग चहा पिऊन सगळे गेले.

ती दुपार मी कशी काढली, विचारू नका. आधी राजीनामा लिहिला, अडीच पानी. मग तो खोडला आणि दीड पानी केला. खुर्ची गेली तर पुन्हा ते बिनचहाचे सोमवार आणि दाराची घंटा वाजली तर दूधवाला! दर दोन मिनिटांनी बायकोला विचारत होतो, "सहा वाजले?"

"घड्याळ तुमच्या मनगटावर आहे."

सहा वाजले. नाद खुळा दोन हजार तीनशे सहा. बंडल एक्केचाळीस!

माझे डोळे भरून आले. बायकोला हाक मारली. "बघ! सकाळी हटवा म्हणत होते, आता बघ! याला म्हणतात लोकांचं प्रेम! चूक कबूल केली की माणसं पोटाशी धरतात!"

तिनं चष्मा लावला, मोबाईल हातात घेतला आणि मतांच्या खाली सगळ्यांत वर चढलेली प्रतिक्रिया मोठ्यानं वाचली. लिहिणारे शांतताप्रिय. नाद खुळा, एकोणीसशे.

'ऱ्हाऊ देत हेच. दुसरा आणला तर त्यो रोज काम करंल.'

मी मोबाईल परत घेतला, डोळे पुसले आणि बायकोचं लक्ष नाही असं बघून एकोणीसशे एकावं नाद खुळा दाबलं.