सरळ भिंतीचे सात फोटो

जगात जे हलते त्याची नोंद घ्यायची असेल, तर नोंद घेणाऱ्याने हलता कामा नये. हे तत्त्व इतके उघड आहे की ते अमलात आणायला इमारत स्थिती नोंद विभागाला जेमतेम चौदा महिने लागले.

जुन्या इमारतींवर लक्ष ठेवणे हे या विभागाचे काम. कोणती भिंत कलते आहे, कोणता मजला खचतो आहे, याची तेथे नोंद होते. (दुरुस्तीचा विभाग वेगळा. तो नदीपलीकडे आहे.) विभाग स्वतः एका चार मजली जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बसतो. या इमारतीची मात्र कधी नोंद झाली नव्हती, कारण कोणी तक्रार केली नव्हती, आणि आत बसून काम करणाऱ्यांनी तक्रार करायची असते हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते.

तक्रार आली ती तळमजल्यावरून. तेथे एका बाईंचे शिवणकामाचे दुकान आहे. तीन मशिनी, कापड कापायचे एक लांब टेबल आणि एक आरसा, एवढा पसारा. बाईंनी अर्जात लिहिले होते की टेबलावर ठेवलेले दोऱ्याचे रीळ आपोआप मागच्या भिंतीकडे जाते. पूर्वी चालत जायचे, आता पळत जाते. दार उघडे ठेवले तर आपोआप मिटते, म्हणून त्याला इस्त्री टेकवून ठेवावी लागते, आणि इस्त्री दाराशी बसल्यामुळे कपडे बिनइस्त्रीचे जातात. सबब, इमारत अंगावर येण्यापूर्वी चौकातल्या नव्या इमारतीतला रिकामा गाळा बदली मिळावा.

अर्जात काही खोट नव्हती, फक्त पुरावा नव्हता. रीळ हे प्रमाणित उपकरण नाही. नियम असा की एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून आणि एकाच कोनातून, महिन्याला एक याप्रमाणे भिंतीचे सात फोटो काढावेत. पहिल्यात आणि सातव्यात फरक दिसला तर गाळा. न दिसला तर भिंत सरळ असल्याचे प्रमाणपत्र, आणि मग पाच वर्षे त्या भिंतीविरुद्ध कोणालाही तोंड उघडता येत नाही.

फोटोंचे काम विभागाच्या ड्राफ्ट्समनकडे आले. त्याला सगळे काटकोन म्हणत, कारण दुसऱ्याच्या घरी गेला तरी भिंतीवरचे कॅलेंडर सरळ केल्याशिवाय तो पाणी पीत नसे. काटकोन हा अर्जदार बाईंचा सख्खा भाचा. (हा मुद्दा बैठकीत निघाला. पण कॅमेरा हाताळता येणारा दुसरा माणूस विभागात नसल्याने मावशीचे नाते सात फोटोंपुरते स्थगित करण्यात आले.) काटकोनाने एकच मागणी केली: हातात धरलेला कॅमेरा हलतो, तेव्हा ट्रायपॉड हवा.

एका गवंड्याने मध्येच सुचवले होते की दोरीला वजन बांधून ओळंबा सोडा, पाच मिनिटांत कळेल. त्याचे म्हणणे आदराने ऐकून घेण्यात आले. मात्र ओळंबा कागदपत्रांना जोडता येत नाही, जोडायचा तर त्याचा फोटो लागतो, आणि फोटोसाठी ट्रायपॉड लागतोच. तेव्हा ओळंबा अनावश्यक ठरला.

कॅमेऱ्याच्या दुकानदाराने काटकोनाला सांगितले की चांगल्या ट्रायपॉडचे पाय वेगळे मिळतात आणि वरचे हेड, म्हणजे ज्यावर कॅमेरा बसतो आणि वळतो तो भाग, वेगळे. ही साधी माहिती कार्यालयात पोहोचताच तिचे दोन भाग झाले. ज्याला पाय आहेत ते फर्निचर. ज्याला खटके आणि पेच आहेत ते उपकरण. पाय फर्निचर समितीकडे गेले, हेड उपकरण समितीकडे. हेड किती वजनाचे ते कळल्याशिवाय पाय ठरेनात, आणि पाय ठरल्याशिवाय हेड ठरेना. दोन्ही समित्यांनी परस्परांची वाट पाहण्याचे काम अत्यंत शिस्तीने पार पाडले. एकंदर एकोणीस बैठका झाल्या. अकरा पायांवर, सात हेडवर आणि एक, आधीच्या अठरांत काय ठरले यावर.

पायांबाबत मुख्य आक्षेप संख्येचा होता. कार्यालयातल्या यच्चयावत फर्निचरला चार पाय असताना यालाच तीन का? दुकानदाराने लेखी खुलासा दिला की चार पायांना सपाट जमीन लागते, तीन पाय कुठेही न डुगडुगता उभे राहतात. त्यावर विभागाच्या साहेबांनी शेरा मारला, “आपली जमीन सपाट आहे. मुद्दा गैरलागू.” तरीही तीन पाय मंजूर झाले, कारण चार पायांचा ट्रायपॉड दुकानदाराकडे नव्हता. कार्बनचे हलके पाय नाकारून ॲल्युमिनियमचे जाड पाय घेण्यात आले. वजन दिसले की विश्वास बसतो.

हेडचे दोन प्रकार समोर होते. बॉल हेडमध्ये एक गोळा असतो आणि एक खटका; खटका सैल केला की कॅमेरा हवा तसा वळतो. दुसऱ्या प्रकाराला तीन दांडे असतात: एक डावी-उजवीकडे, एक खाली-वर आणि एक कलता. समितीने एकमताने बॉल हेड फेटाळले. एका खटक्यावर सगळे वळत असेल तर चूक झाल्यावर जबाबदार कोणाला धरायचे? तीन दांड्यांचे हेड घेतल्यास प्रत्येक दांड्यावर एक स्वतंत्र अधिकारी नेमता येत होता. तसे तीन अधिकारी नेमले गेले. फोटोच्या दिवशी तिघे आपापला दांडा धरून उभे राहात आणि काटकोन बटण दाबे.

‘एकच जागा’ या अटीचे पालनही चोख झाले. दुसऱ्या मजल्यावर, साहेबांच्या टेबलाशेजारी, मागच्या भिंतीसमोर (हीच भिंत खाली बाईंच्या दुकानापर्यंत जाते) ट्रायपॉडचे तिन्ही पाय फरशीत स्क्रूने पक्के ठोकण्यात आले. हेडवर एक इवलीशी काचेची नळी असते, तिच्यात हवेचा बुडबुडा. तो मधोमध आला की कॅमेरा समतल. पहिल्या दिवशी बुडबुडा मधोमध आणला, दांडे आवळले आणि त्यांवर लाखेची मोहोर केली. पहिला फोटो निघाला. फोटोत भिंत सरळ होती.

दुसऱ्या महिन्यात फोटो तंतोतंत तसाच आला. बुडबुडा मात्र मधून सरकला होता.

समितीने निष्कर्ष काढला की हेड उतरते आहे. दुसरे हेड आणले. ते पहिल्या फोटोशी जुळवून बसवले, तर बुडबुडा पहिल्या दिवसापासूनच बाजूला. चौथ्या महिन्यात तिसरे हेड आले, बारीक दात्यांच्या चक्रांचे, केसभरही न घसरणारे. बुडबुडा आणखी पलीकडे गेला. आता प्रश्न असा होता की विश्वास कोणावर ठेवायचा. एका बाजूला चार फोटो, एकसारखे. दुसऱ्या बाजूला एक बुडबुडा, तोही आतून पोकळ. मतदान झाले. त्यानंतर नळीवर काळी चिकटपट्टी लावण्यात आली.

या काळात कार्यालयाचे काम सुरळीत चालू होते. चाकांच्या सात खुर्च्यांपैकी सहा संध्याकाळी पाच वाजता मागच्या भिंतीशी आढळत. (सातवीवर साहेब बसतात.) याचे श्रेय वार्षिक अहवालात कर्मचाऱ्यांमधील वाढत्या जवळिकीला दिले आहे.

काटकोनाला पाचव्या महिन्यापासून झोप येईना. चूक त्याच्या लक्षात आली होती. भिंत ज्या फरशीवर उभी आहे त्याच फरशीत ट्रायपॉडचे पाय ठोकले आहेत. अख्खी इमारत कलली तर तीही कलणार, हाही कलणार. दोघे एकमेकांना सरळच दिसणार. त्याने हे साहेबांना तोंडी सांगितले. साहेबांनी शांतपणे विचारले की मग ट्रायपॉड भिंतीबरोबर हलतो आहे असे तुमचे म्हणणे आहे का. काटकोन हो म्हणाला. साहेब म्हणाले, मग हेड बदला.

सातव्या फोटोच्या दिवशी बाई स्वतः वर आल्या. हातात पांढऱ्या दोऱ्याचे नवे कोरे रीळ. तिघे अधिकारी आपापले दांडे धरून उभे होते. बाईंनी रीळ साहेबांच्या टेबलावर ठेवले आणि हात काढला. रीळ फायलींच्या मधून वाट काढत निघाले, टेबलावरून खाली पडले, ट्रायपॉडच्या दोन पायांमधून गेले आणि भिंतीला टेकून थांबले.

“बघितलंत?” बाई म्हणाल्या.

साहेबांनी रीळ उचलून आणायला लावले, चष्मा लावला आणि ते फिरवून फिरवून पाहिले. “बाई, हे गोल आहे. गोल वस्तू घरंगळणारच. चौकोनी काही असेल तर आणा.”

“चौकोनी इस्त्री आहे ना. ती दाराला लावून मी दीड वर्ष झालं बसलेय.”

“अर्जदारांनी शांत राहावं,” काटकोन कागदावर नजर ठेवून म्हणाला. नात्याची स्थगिती अजून उठली नव्हती.

“तू गप रे. लहानपणी तुझी चड्डी शिवली तेव्हा उभा राहायचास सरळ. आता सात महिने वाकडा उभा आहेस आणि फोटो काढतोयस.”

बाई जिना उतरून गेल्या. काटकोनाने सातवा फोटो काढला. तो पहिल्यासारखाच आला. मग त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, तिन्ही पायांचे स्क्रू सोडवले, ट्रायपॉड खांद्यावर टाकला आणि तो बाजूचा रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेला, जिथून इमारत कडेने दिसते. तेथे त्याने पाय रोवले, काळी चिकटपट्टी सोलून काढली, बुडबुडा मधोमध आणला आणि आठवा फोटो काढला. त्यात इमारत मागे रेलली होती, बढाया ऐकायला बसलेल्या माणसासारखी. शेजारचा विजेचा खांब ताठ उभा होता.

आठव्या फोटोची विभागाने हयगय केली असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यावर दोन दिवस विचार झाला. फोटोत इमारत आणि खांब समांतर नाहीत, हे निर्विवाद होते. दोघांपैकी एक वाकडा आहे. इमारत सरळ असल्याचे सात फोटोंनी सिद्ध झालेले होते. सबब, खांब कलला आहे. विजेच्या विभागाला तातडीचे पत्र गेले. (हे एकच पत्र त्याच दिवशी गेले.) आठवड्याभरात माणसे आली आणि त्यांनी खांब इमारतीशी समांतर करून दिला. आता पलीकडच्या फुटपाथवरून पाहिले तरी दोघांत काही खटकत नाही. ट्रायपॉड मूळ जागी पुन्हा पक्का करण्यात आला. काटकोनाची बदली नदीपलीकडे झाली.

बाईंनी सरकारी गाळ्याची वाट पाहिली नाही. आठव्या फोटोच्या संध्याकाळीच भाच्याने तीन मशिनी, टेबल आणि आरसा हातगाडीवर घालून आपल्या घरी नेले, आणि स्वतःची खोली मावशीला दिली. आता तो स्वयंपाकघरात झोपतो. रीळ टेबलावर ठेवले तर तेथेच राहते. बाई अजून सवयीने ते हाताने अडवायला जातात.

भिंत सरळ असल्याचे प्रमाणपत्र दुकानाच्या बंद दारावर चिकटवले आहे. दुसरी प्रत साहेबांच्या मागे भिंतीवर आहे. ती आधी दोरीने खिळ्याला टांगली होती, पण भिंतीशी तिरकी लोंबू लागली. तेव्हा चारही कोपऱ्यांना खिळे मारून सरळ केली. विभागात सध्या अठ्ठावीस माणसे काम करतात, आणि त्यांपैकी एकाचीही काही तक्रार नाही.

हे वाचून त्या अठ्ठावीस जणांना कोणी हसत असेल, तर त्याने बसल्या जागी एक रीळ जमिनीवर ठेवून पाहावे. एवढेच करायचे आहे. अर्थात तुम्ही ते लगेच करणार नाही. आधी चार जणांना विचाराल, रीळ कोणते चांगले.