माझ्या खोलीचा आंतरराष्ट्रीय प्रश्न

त्या शनिवारी मी एकच साधी गोष्ट ठरवली होती: आज चिडायचं नाही. (आणखी एक ठरवली होती, खोलीचं दार जरासं उघडं ठेवायचं. ते का, हे सांगायला लाज वाटते, म्हणून थोड्या वेळाने सांगतो.)

बाहेर हॉलमध्ये माझी नात ठकी आणि तिच्या विद्यापीठातले दोन स्वयंसेवक तालीम करत होते. एक कुरळ्या केसांची मुलगी आणि एक लंबू. ही मंडळी हौसेने, फुकट, हायस्कुलात जाऊन नववीच्या मुलांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणार होती. आता हा विषय मी जन्मभर शिकवला. त्यात डॉक्टरेट केली, एक जाडजूड पुस्तक लिहिलं. 'सार्वभौमत्व' या एका शब्दावर मी अख्खं सत्र घेत असे, आणि सत्र संपलं तरी तो शब्द मला नीट समजलाय अशी माझी खात्री नसे. (विद्यार्थ्यांची मात्र खात्री असे. समजलेला नाही, अशी.)

"सार्वभौमत्व म्हणजे," कुरळी म्हणत होती, "आपल्या खोलीत आपण म्हणू ते."

झालं! संपलं सार्वभौमत्व! मी खुर्चीतून उठलो. परत बसलो. चिडायचं नव्हतं. मग पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो.

"आजोबा, परत पाणी?" ठकी म्हणाली. "बरं वाटत नाहीये का?"

"मी ठणठणीत आहे. तुमची व्याख्या आजारी आहे."

आणि मी बोलायला लागलो. थांबलो तेव्हा चहावर साय धरली होती आणि लंबू उघड्या डोळ्यांनी झोपला होता.

"आजोबा," ठकी शक्य तितक्या मायेने म्हणाली, "पोरं नववीतली आहेत. तास पस्तीस मिनिटांचा असतो. तुम्ही अजून प्रस्तावनेतच आहात."

(दार उघडं ठेवलं होतं ते यासाठी, की कुणीतरी आत येईल आणि म्हणेल, आजोबा, जरा सांगता का? तिसरा शनिवार होता. कुणी आलं नव्हतं.)

एवढ्यात सूनबाई आपल्या खोलीतून केस विस्कटलेल्या अवस्थेत बाहेर आली. ती दातांची डॉक्टर. "आठवडाभर मी लोकांची तोंडं उघडते," ती म्हणाली. "शनिवारी दुपारी माझे डोळे तरी मिटू द्याल का? उद्यापासून हॉलमध्ये तालीम बंद."

ठकीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तिची नजर माझ्या अर्धवट उघड्या दारावर येऊन थांबली.

"आजोबांची खोली आहे की!"

"अजिबात नाही."

"शनिवारी दुपारपुरतीच."

"ती माझी कामाची जागा आहे!"

"काय काम करता हो तिथे?" स्वयंपाकघरातून माझ्या पत्नीचा आवाज आला. घरात तिला बाकी काही ऐकू येत नाही, पण हे बरोबर ऐकू येतं.

"विचार करतो."

"घोरत?"

लंबू जागा झाला तो हसतच. मी काही बोलणार, तेवढ्यात ठकीने टाळी वाजवली. "थांबा! हाच आपला धडा. सगळे जेवणाच्या टेबलाशी या. प्रत्येक जण एक देश."

माझी पत्नी हात पुसत आली. सूनबाई झोप मोडलीच आहे म्हणून आली. (माझा मुलगा कायम फिरतीवर असतो. घरातलं एकमेव तटस्थ राष्ट्र.) ठराव असा होता: दर शनिवारी दुपारी ती खोली सर्व राष्ट्रांना खुली राहील.

"आणि व्हेटो आजोबांना," ठकी म्हणाली.

मी जरा सैलावलो. म्हटलं, पोरीला माणसाची किंमत कळते.

"नियम एकच. जो खुर्ची सोडून जाईल, त्याचा व्हेटो जाईल."

"योग्य नियम आहे," मी जाणत्यासारखी मान हलवली.

चर्चा सुरू झाली. सूनबाई म्हणाली, त्या खोलीत माणूस नसला तरी पंखा चालू असतो. मी ऐकून घेतलं. माझी पत्नी म्हणाली, "तो भिंतीवरचा नकाशा तरी काढा हो. त्यातले कितीतरी देश आता उरलेही नाहीत."

"नकाशा राहील!"

"आणि त्याच्या खिळ्यावरचा ओला टॉवेल?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हा माझा अंतर्गत मामला आहे," मी म्हणालो.

"अंतर्गत कसला? वास माझ्या स्वयंपाकघरात येतो."

"सीमापार प्रदूषण," लंबू हळूच म्हणाला.

इथपर्यंत मी खुर्ची घट्ट धरून होतो, हे कृपया ध्यानात घ्या. पण मग माझ्या पत्नीने एकदम सूर बदलला. "जाऊ दे ग ठकी. नको त्यांना छळूस. म्हातारपणी माणसाला एक कोपरा लागतोच."

विरोध मी सहन करतो. विरोधावर माझं एक प्रकरण आहे. पण कीव? तीही पाहुण्या राष्ट्रांसमोर? माझ्या कानांत वाफ भरल्यासारखं झालं. मी ताडकन उठलो.

"या मंडळाला मी मानत नाही! मी सभात्याग करतो!"

आणि खोलीत जाऊन दार धाडकन लावलं. (दार फुगलेलं आहे, धाडकन लागत नाही. दोनदा खांदा द्यावा लागला. पण हेतू धाडकनचा होता.) आत बसून मी धापा टाकत होतो आणि मनात म्हणत होतो, बरी अद्दल घडली एकेकाला. तेवढ्यात बाहेर टाळ्या वाजल्या.

मी दार उघडलं. "काय झालं?"

"ठराव मंजूर. एकमताने."

"आणि माझा व्हेटो?"

"खुर्ची सोडलीत ना, आजोबा."

"हा कुठला फालतू नियम? कुणी काढला?"

लंबू उभा राहिला. "सर, तुम्हीच. तुमच्या पुस्तकातलं सातवं प्रकरण. रागाच्या भरात टेबल सोडणाऱ्या देशांवरचं."

मी दाराची चौकट धरली. "तू... वाचलंस?"

"हो, सर. लायब्ररीतल्या प्रतीची पानं अजून जोडलेलीच होती. पट्टीने सोडवून घेतली."

या मुलाला मिठी मारावी की दोन लगावाव्यात, हे मला ठरवता येईना. शेवटी मी परत आत गेलो आणि एकटाच चिडून बसलो.

आता खरा मुद्दा. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी एकच तास देऊन पाहायचं ठरवलं होतं. शेवटची दहा मिनिटं त्या स्वतः येऊन बघणार होत्या. तास जमला तर वर्ग वर्षभर चालणार, म्हणजे वर्षभर शनिवारी माझी खोली गेली. नाही जमला तर स्वयंसेवकांना नमस्कार, आणि खोली माझी. मी देव मानत नाही, तरी त्या आठवड्यात एक-दोनदा वर पाहिलं.

तासाच्या आदल्या दिवशी ठकी आली. "आजोबा, शाळेत याल का आमच्याबरोबर? एका देशाचं काम आहे."

विचारलं! अखेर विचारलं! "बघतो," मी म्हणालो, "वेळ काढावा लागेल." (स्वयंपाकघरात काहीतरी झाकण पडलं. हसण्याने पडलं, असा माझा संशय आहे.) "भाषण किती मिनिटांचं?"

"भाषण नाही. मध्येच चिडायचं, उठायचं आणि बाहेर जायचं. त्या दिवशी केलंत तसंच."

म्हणजे माझ्या विद्वत्तेतून या पोरांना एवढंच हवं होतं! माझं डोकं फिरलं, आणि फिरता फिरता त्यात एक कारस्थान आलं. मी उठलोच नाही तर? खुर्चीत बसून राहिलो, व्हेटो धरून? धडा तिथेच अडकणार. सख्ख्या नातीशी असं वागावं का? मी रात्रभर पुस्तकं चाळायचं ठरवलं, पण पहिल्याच पुस्तकात निघालं की देश नेहमीच असं करतात. मला शांत झोप लागली.

वर्गात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मुलांच्या छातीवर कल्पित देशांची नावं लावली होती. मी माझा जुना कोट घालून त्यांच्यात बसलो. ठकीने प्रश्न मांडला: एका देशाकडे मोठी मोकळी जागा आहे, आणि शेजाऱ्यांना ती आठवड्यातून एक दुपार वापरायला हवी आहे.

मोकळी जागा! पोरीने माझी खोली अभ्यासक्रमात घातली होती!

मुलं तावातावाने भांडली. मग ठकीने मला खूण केली. मी हललो नाही.

"माझा देश नकार देतो," मी म्हणालो. "आणि कुठेही जात नाही."

ठकीचा चेहरा उतरला. लंबूच्या हातातला खडू पडला. कुरळी घड्याळाकडे बघू लागली. पण मी खुर्ची सोडली नाही.

समोरच्या खुर्चीतली दोन वेण्यांची एक मुलगी हात वर करून म्हणाली, "तुमच्या देशात किती माणसं राहतात?"

"एक."

"मग एवढी जागा कशाला?"

"विचार करायला."

"कसला?"

मी तोंड उघडलं. जन्मभर वर्गात बोललेला माणूस मी, पण आत एक शब्द सापडेना. सगळा वर्ग वाट बघत होता. तेवढ्यात बाजूने कुणीतरी हळूच म्हणालं, "राहू दे ना. आजोबा आहेत ते."

पुन्हा कीव! नववीतल्या पोरांची!

"या मंडळाला मी मानत नाही!" मी ओरडलो, खुर्ची मागे ढकलली आणि तरातरा बाहेर आलो. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांना तो अभिनय वाटला.

व्हरांड्यात नव्या रंगाचा वास येत होता. मी तिथेच उभा होतो, आणि झरोक्यातून सगळं ऐकू येत होतं.

"त्या देशाने काय गमावलं?" ठकीचा आवाज. पुन्हा खणखणीत.

"व्हेटो!"

"आणि तो का गेला असेल?"

मग वेण्यांची मुलगी म्हणाली, "आपण डायरेक्ट ठराव मांडला. आधी त्याला कुणी विचारलंच नाही ना, की बाबा रे, देशील का?"

मी चष्मा पुसला. (धूळ फार होती.)

"मग आता काय करायचं?" ठकीने विचारलं.

"त्याला परत बोलवायचं!"

"पण बोलू द्यायचं नाही!" दुसरा कुणीतरी ओरडला. ही दुरुस्तीही स्वीकारली गेली आणि ठराव एकमताने मंजूर झाला. मी कोट सारखा केला, घसा साफ केला आणि दाराशी जाऊन उभा राहिलो.

कुणी आलं नाही. ठराव मंजूर होणं आणि त्याची अंमलबजावणी होणं यांत किती अंतर असतं, यावर माझं नववं प्रकरण आहे. तिथपर्यंत लंबू पोचला नसावा. मी पुन्हा मागे सरकलो आणि दमून भिंतीला पाठ लावली.

इतक्यात जिन्यावरून मुख्याध्यापिका बाई आल्या. त्यांनी खिडकीतून वर्गात डोकावून पाहिलं, ठकीच्या पुढच्या प्रश्नाला वर आलेले सगळे हात पाहिले. "वा! हा वर्ग वर्षभर ठेवायला हवा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. माझी खोली गेली. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"तुम्हाला वर्गाबाहेर काढलंय का?"

"मुळीच नाही," मी ताठ होऊन म्हणालो. "मी स्वतःहून बाहेर आलोय. निषेध म्हणून."

"इथे उभे असलेले सगळे असंच सांगतात," बाई म्हणाल्या. "आणि भिंतीला टेकू नका. रंग ओला आहे."